घोड्याच्या चालीने

तिसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं, की आपली मान दुखायची थांबली आहे.

पुण्यात चाळीस वर्षं सायकल चालवणाऱ्याचा एक कान कायम पाठीमागे लागलेला असतो. मागून येणारी बस, डावीकडून घुसणारी स्कूटर, अंगाला चाटून जाणारा टेम्पो, सगळं न बघता ओळखायचं. आणि खात्री नसली की उजव्या खांद्यावरून मान वळवायची. ही खोड अंगात इतकी मुरलेली, की जिथे मोटार येऊच शकत नाही अशा कालव्याच्या काठावरही पहिले दोन दिवस मी मागे वळून बघत होतो. मागे काय असायचं? झाडांची लांबच लांब रांग, तिचं पाण्यातलं प्रतिबिंब आणि बायकोची सायकल. शेवटी ती म्हणाली, "लग्नाला तीस वर्षं झाली, मी मागे आहे की नाही हे इतक्यांदा कधी बघितलं नव्हतंस."

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनीचा सुळका अटलांटिकमध्ये घुसला आहे. त्याच्या पोटातून नाँत ते ब्रेस्ट असा एक कालवा जातो, सुमारे ३६४ किलोमीटरचा. बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी त्याच्या काठाने वाट केलेली होती. तीच वाट आता सायकलींची आहे, पायी चालणाऱ्यांची आहे, गळ टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्यांची आहे. आम्ही ती पश्चिमेकडून पूर्वेकडे अकरा दिवसांत केली. दणकट माणूस चार दिवसांत उरकेल. उरकणाऱ्यांसाठी हे पुस्तक नाही. त्यांची त्याच मुलखात दुसरी सोय आहे, तिच्याबद्दल पुढे.

सायकलच्या दुकानांत हल्ली 'ग्रॅव्हल' हा शब्द फार ऐकू येतो. ग्रॅव्हलची सायकल वेगळी, टायर वेगळे, शर्टसुद्धा वेगळा. आपल्याकडे या रस्त्याला जुना आणि नेमका शब्द आहे: मुरूम. ब्रिटनीतल्या कालव्याचा काठ म्हणजे बारीक खडी आणि वाळूसारखी भुकटी पसरून, रोलर फिरवून दाबलेला मुरुमाचा रस्ता. कोरडा असला की चाकाखाली पापड मोडल्यासारखा बारीक आवाज येत राहतो, आणि दुसरा आवाज नसल्यामुळे तोच दिवसभर सोबतीला. पाऊस पडला की तीच भुकटी राखाडी कणकेसारखी होते आणि साखळीत, ब्रेकमध्ये, पँटच्या घोट्याशी जाऊन बसते. ब्रिटनीत पाऊस पडतोच. चौथ्या संध्याकाळी मी दात घासायच्या जुन्या ब्रशने साखळी धुवायला बसलो, तर निघालेल्या गाळात एक कुंडी भरली असती. तेव्हा शर्टाचं सोडा, पण टायर ३८-४० मिलिमीटरचे घ्या, हवा थोडी कमी ठेवा, आणि तेलाची छोटी बाटली वरच्याच कप्प्यात असू द्या. बाकी तुमच्या घरी असलेली कुठलीही मजबूत सायकल चालेल.

अशा वाटेला फ्रेंचमध्ये 'व्हुआ व्हेर्त' म्हणतात. हिरवी वाट. नाव कवितेतलं वाटलं तरी ते वाहतुकीच्या कायद्यातलं आहे. मोटार नसलेल्या वाहनांसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी राखलेला रस्ता, ही रस्त्याची स्वतंत्र जात फ्रेंच कायद्याने २००४ मध्ये लेखी मान्य केली. कडेला रंगाचा पट्टा मारून 'सायकल ट्रॅक' म्हणायचं आणि त्यावर भाजीच्या गाड्या उभ्या करायच्या, तसा हा प्रकार नव्हे. जिथे ही वाट गाडीरस्त्याला मिळते तिथे बहुधा लाकडी अडसर असतात. सायकल त्यांतून तिरकी काढावी लागते. सामानाच्या पिशव्या लावलेली सायकल तिरकी काढताना दोन वेळा खरचटलो, पण कुरकुर केली नाही.

आता इतका सपाट आणि इतका रिकामा रस्ता आला कुठून? सायकलवाल्यांच्या मायेपोटी कोणी बांधला असेल हे तर शक्यच नाही. तो लढाईसाठी बांधला, आणि ते काम फसलं. या प्रस्तावनेत मला मुख्य सांगायचं आहे ते हेच.

नेपोलियनच्या काळात इंग्रजी आरमार ब्रिटनीच्या किनाऱ्याला वेढा घालून बसलं होतं. फ्रान्सचं मोठं आरमारी बंदर ब्रेस्ट, ते नेमकं सुळक्याच्या टोकाला. तिथे लाकूड, दोरखंड, तोफा, धान्य पोचवायचं तर समुद्रातून न्यायला हवं, आणि समुद्रात इंग्रज. मग देशाच्या पोटातून, समुद्राच्या नजरेआड, पाण्याचाच रस्ता काढावा असं ठरलं. कल्पना त्याच्याही आधीची होती, पण कुदळ त्याच्या काळात पडली. आठ नद्या एकीला एक जोडायच्या आणि एका नदीच्या खोऱ्यातून दुसरीच्या खोऱ्यात बोट चढवून उतरवायची. असे तीन पाणलोट ओलांडायचे. मजूर पुरेनात तेव्हा युद्धकैदी लावले, मग तुरुंगातले कैदी लावले. कालवा या टोकापासून त्या टोकापर्यंत खुला व्हायला १८४२ उजाडलं. तोवर नेपोलियनला सेंट हेलेनावर मरून एकवीस वर्षं झाली होती, इंग्रजांशी लढाई संपलेली होती आणि पलीकडे इंग्लंडात आगगाड्या धावत होत्या. १८६५ मध्ये आगगाडी ब्रेस्टलाही पोचली.

कालव्यावरून अगदीच काही गेलं नाही असं नाही. छपराच्या पाटीचे दगड, लाकूड, गहू, शेतात टाकायची समुद्राची चुनखडी वाळू, असा माल कित्येक वर्षं जात होता. घोडा परवडत नसे तिथे बोटवाल्याची बायकोपोरं छातीला पट्टा लावून बोट ओढत. पण धंदा कधी इतका वाढला नाही की कालवा रुंद करावा, काठ सिमेंटचे करावेत, मोठ्या बार्जेस आणाव्यात. आज इथली लॉक्स आहेत तशीच आहेत, सुमारे २६ मीटर लांब आणि साडेचार-पावणेपाच मीटर रुंद. कालवा फायद्यात चालला असता तर आज त्याच्या काठाने ट्रकच फिरले असते.

लॉक हा शब्द पुस्तकभर येणार आहे, म्हणून तो एकदा नीट सांगतो. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला जलपाश म्हणतात. शब्द चांगला आहे, पण तो ऐकून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. कालव्यात दोन दरवाजांच्या मधे बांधलेला दगडी हौद, एवढंच ते असतं. खालून आलेली बोट हौदात शिरते, मागचा दरवाजा लागतो, पुढच्या दरवाजातली झडप उघडून वरचं पाणी आत सोडतात, बोट पाण्याबरोबर दोन-तीन मीटर वर येते, पुढचा दरवाजा उघडतो, बोट चालू लागते. इंजिन नाही, वीज नाही. पाणी आपल्या वजनाने खाली येतं आणि येता येता बोटीला वर चढवून जातं.

पोंतिव्ही आणि रोआँ या गावांच्या मधे कालवा एक पाणलोट चढून उतरतो. तिथे पंचवीसएक किलोमीटरांत पन्नासच्या वर लॉक्स आहेत. इथे एका लॉकवर आम्ही थांबलो होतो. उन्हाळ्यात कॉलेजची मुलंमुली इथे हंगामी लॉकराखे म्हणून काम करतात. तशीच वीस-एक वर्षांची एक मुलगी, पायात रबरी बूट, लोखंडी हँडल फिरवत होती. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला दात्याचा 'टक्' असा आवाज. खाली हौदात एका जर्मन कुटुंबाची भाड्याची बोट, त्यात एक कुत्रा, आणि तो कुत्रा हळूहळू आमच्या डोळ्यांच्या पातळीला येत होता. आधी कान, मग नाक, मग अख्खा कुत्रा. पाच-सात मिनिटं लागली असतील. तेवढ्यात तिघा-चौघांत 'बोंझूर' झालं आणि कोणी घड्याळ बघितलं नाही. बोट गेल्यावर ती मुलगी मोपेडवर बसून पुढच्या लॉककडे निघाली. काठावर इंजिन चालवायची मुभा असलेल्या मोजक्या माणसांपैकी ती एक.

सायकलवाल्याच्या पायांना या लॉक्सचा अर्थ फार पटकन कळतो. दोन लॉक्सच्या मधे पाणी सपाट, म्हणून काठही सपाट. लॉक आलं की दहा-पंधरा मीटरांत दोन-तीन मीटरचा छोटा चढ. पेडलवर जरा उभं राहायचं आणि पुन्हा बसायचं. घाट म्हणून घाट कुठेच नाही. डोंगर चढतो आपण, पण कोणीतरी त्याची छाटून छाटून दिवाणखान्याची पायरी केलेली असते. घोडा एका लयीत दिवसभर ओढू शकेल, त्याला दम लागणार नाही, या हिशेबाने दोनशे वर्षांपूर्वी ही वाट आखली गेली. पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांचा हिशेब आणि घोड्याचा हिशेब फारसा वेगळा नसतो.

पण लॉक उघडलं की दर वेळी हौदभर पाणी खाली जातं. मग पाणलोटाच्या माथ्यावर, जिथून दोन्हीकडे उतार आहे, तिथे पाणी आणायचं कुठून? आपल्या पाटबंधाऱ्यातल्या माणसाला हा प्रश्न लगेच समजेल. पोंतिव्ही आणि रोआँच्या मधल्या त्या इल्वेर्नच्या माथ्यासाठी कालवा बांधणाऱ्यांनी दूर बोस्मेलेआकला धरण बांधलं आणि तिथून एक चारी काढली. ती डोंगराच्या कुशीकुशीने, एकही लॉक न घेता, साठ किलोमीटरांहून अधिक वळणं घेत येते. पक्ष्याने उडायचं म्हटलं तर हेच अंतर वीसेक किलोमीटर भरेल. उतार किती? किलोमीटरला साधारण तीस सेंटिमीटर. एक वीत आणि वर चार बोटं म्हणा, तेवढं पाणी हजार मीटरांत उतरवायचं, आणि तेही १८३० च्या आसपासच्या उपकरणांनी. या चारीच्या काठानेही आता हिरवी वाट आहे. आम्ही मुद्दाम वाट वाकडी करून तिच्यावर एक दिवस काढला. या पुस्तकातलं मला सगळ्यांत आवडणारं प्रकरण त्या दिवसाचं आहे, जरी त्यात वाडा नाही, किल्ला नाही, आणि बघण्यासारखं म्हणावं असं जवळजवळ काहीच नाही. नीरेच्या कालव्यावर लहानपणी मामाबरोबर हिंडलो होतो. तिथला पाटकरी खांद्यावर फावडं टाकून बांधावरून चालायचा. तो इथे आला असता तर अर्धा तास नुसता उकिडवा बसून पाण्याकडे बघत राहिला असता.

दुसरा माथा ग्लोमेलचा. हा सगळ्यांत उंच, आणि इथे चारीने भागलं नाही. डोंगरच चिरावा लागला. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि काही जागी वीस मीटरांहून खोल चर, १८२३ ते १८३२ अशी नऊ वर्षं कैद्यांनी कुदळफावड्याने खणलेला. तिथे छावणी होती. थंडी, चिखल, आजार. कितीक तिथेच गेले. आज त्या चरात शिरलं की दोन्ही अंगांनी बीच आणि ओकची झाडं इतकी दाट, की बाहेर ऊन असलं तरी आत हिरवट सावली. पाण्यावर एक पान पडलं तर त्याचं वर्तुळ दोन्ही काठांना जाऊन लागताना दिसतं. सुंदर आहे, आणि ते सुंदर वाटल्याबद्दल थोडं अवघडायलाही होतं. मी तिथे फोटो काढले नाहीत. बायकोने काढले, पुस्तकात आहेत.

ग्लोमेलनंतर पूर्वेकडे बों-रपोचा मठ लागतो. ११८४ मध्ये स्थापन झालेला सिस्टर्शियन साधूंचा मठ, फ्रेंच राज्यक्रांतीत उजाड झालेला आणि गेल्या काही दशकांत गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी दगड दगड रचून पुन्हा उभा केलेला. मठापुढून थोडं गेलं की कालवा नाहीसाच होतो. १९२३ ते १९३० या काळात विजेसाठी गेर्लेदाँचं धरण बांधलं, आणि त्याच्या फुगवट्यात कालव्याची सतरा लॉक्स, लॉकराख्यांच्या घरांसकट, बुडाली. बोटींचा सलग मार्ग तिथे कायमचा तुटला. तपासणीसाठी हे धरण क्वचित पूर्ण रिकामं करतात. २०१५ मध्ये केलं तेव्हा चिखलातून लॉक्सचे दगडी हौद, घरांच्या भिंती, झाडांचे काळे बुंधे जसेच्या तसे वर आले आणि ते बघायला माणसांची रीघ लागली. उजनीचं पाणी आटलं की पळसदेवाचं देऊळ वर येतं आणि लोक गाड्या काढून तिकडे धावतात, त्याची आठवण मला तिथे झाल्यावाचून राहिली नाही. फरक इतकाच, की पळसदेवात गाव बुडालं होतं. इथे एक रस्ता बुडाला.

म्हणून गेर्लेदाँच्या अंगाने सायकलची वाट कालवा सोडते आणि एका मेलेल्या आगगाडीचा हात धरते. ब्रिटनीच्या मध्यावर कारे हे गाव. तिथून पाच दिशांना मीटरगेजच्या छोट्या गाड्या सुटत. कालव्याला जिने खाल्लं ती ही आगगाडी, आणि तिला पुढे मोटारीने खाल्लं. बहुतेक फाटे १९६७ मध्ये बंद झाले. रूळ काढले, खडी राहिली, बोगदे आणि पूल राहिले, स्टेशनं राहिली. आगगाडीलाही घोड्यासारखाच तीव्र चढ चालत नाही. आपल्याकडची शकुंतला किंवा बार्शी लाइट ज्यांनी बघितली आहे त्यांना त्या स्टेशनांची ठेवण ओळखीची वाटेल: बुटकी इमारत, एकच फलाट, आणि फलाटाच्या कडेला आता कुणीतरी लावलेले हायड्रेंजाचे निळे गड्डे.

याच पट्ट्यात वाटेच्या वर डोंगरावर म्यूर-द-ब्रतान्य नावाचं गाव आहे. तूर द फ्रान्स बघणाऱ्यांना ते माहीत असतं. दोन किलोमीटरचा सरळसोट चढ, २०११ पासून शर्यतीचे अनेक टप्पे त्याच्या माथ्यावर संपलेले. त्या चढावर जगातले सर्वांत वेगवान लोक जीभ बाहेर काढून मरत असतात, आणि खालून आमच्यासारखे लोक ताशी तेरा किलोमीटरने, खिशात पाव घेऊन जात असतात. वर म्हटलेली उरकणाऱ्यांची सोयही याच भागातून जाते: पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. १८९१ मध्ये ती पहिल्यांदा शर्यत म्हणून झाली. आता दर चार वर्षांनी होते, सुमारे १२०० किलोमीटर, कमाल मुदत ९० तास. २०१९ च्या फेरीत भारतातून शेकडो जण गेले होते, पुण्यामुंबईचे त्यांत पुष्कळ. त्यांतले दोन माझ्या ओळखीचे. दोघांनाही मी कारे गावाबद्दल विचारलं. एकाला तिथलं सूप आठवत होतं, दुसऱ्याला तिथली सतरंजी, ज्यावर तो वीस मिनिटं झोपला. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहेच. पण ब्रिटनी त्यांना दाखवायला मी पुन्हा घेऊन जाईन म्हणतो.

आता किल्ले आणि गावं. ऐतिहासिक स्थळं बघायला लोक मोटारीने जातात तेव्हा आधी गोल चौक, मग सुपरमार्केटच्या पत्र्याच्या शेड, मग पार्किंग, मग तिकीट, आणि मग किल्ला. कालव्याने गेलं की गाव आपली पाठ दाखवत नाही. ते नदीकडेच तोंड करून बसलेलं असतं, कारण बांधलं तेव्हा दारात नदीच होती. जोस्लँला आम्ही संध्याकाळी पोचलो. एका वळणानंतर उस्त नदीच्या पाण्यातून सरळ वर उठलेले तीन बुरूज. डोक्यावर पाटीच्या दगडाच्या टोप्या, आणि खाली पाण्यात त्यांचंच उलटं रूप. चौदाव्या शतकात ऑलिव्हिये द क्लिसों या सरदाराने हे बुरूज उभे केले. १६२९ मध्ये कार्डिनल रिशल्यूने किल्ल्याचा बालेकिल्ला आणि बरेच बुरूज पाडायला लावले, कारण इथला रोआँ सरदार प्रॉटेस्टंट बंडखोरांचा पुढारी होता. त्याच रोआँ घराण्याचे वंशज आजही वाड्यात राहतात. आतल्या बाजूचं दर्शन अगदी वेगळं. ग्रॅनाइटसारखा हट्टी दगड लेस विणावी तसा कोरलेला, आणि त्यात घराण्याचं 'आ प्ल्यूस' हे ब्रीद पुन्हा पुन्हा. बाहेरून सैनिक, आतून हौशी.

मालेस्त्रुआ हे त्याहून लहान आणि मला जास्त भावलेलं. चौकातल्या जुन्या घरांच्या दर्शनी लाकडांवर कोरीवकाम आहे: चरखा चालवणारी डुकरीण, पिपाणीची पिशवी फुंकणारा ससा. कुणाची टर उडवली आहे हे आज कोणाला नक्की सांगता येत नाही, पण उडवली आहे एवढं नक्की. पोंतिव्हीत तर दोन गावं एकमेकांना चिकटून आहेत. एक मध्ययुगीन, बोळांचं. दुसरं नेपोलियनने कालव्याच्या मध्यावर लष्करी ठाणं म्हणून कागदावर पट्टी ठेवून आखलेलं, सरळ रस्ते आणि रुंद चौक. त्या गावाचं नाव नेपोलियनव्हिल ठेवलं होतं. राजवट बदलली की नाव बदलायचं, पुन्हा राजवट बदलली की पुन्हा. शेवटी पोंतिव्ही हेच टिकलं. नावं बदलण्याच्या खेळात आपण एकटे नाही, हे बघून बरं वाटलं.

पोंतिव्हीहून कालवा सोडून ब्लाव्हे नदीच्या काठाने दक्षिणेला गेलं की समुद्राशी लोरियाँ लागतं. नावाचाच अर्थ 'पूर्व'. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनी १६६४ मध्ये निघाली, तिच्या जहाजांच्या बांधणीसाठी १६६६ मध्ये हे बंदर वसलं, आणि १६६८ मध्ये कंपनीने सुरतेत वखार घातली. दोनच वर्षांनी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. म्हणजे ब्रिटनीच्या या कोपऱ्यातल्या हिशेबाच्या वह्यांत तेव्हा मराठ्यांची काळजी नोंदली जात असणार. कालव्याच्या दुसऱ्या टोकाला, नाँतमध्ये, भारताशी आलेला संबंध जास्त कडवट आहे. आपल्याकडच्या छापील सुती कापडाला फ्रान्समध्ये 'अँदिएन' म्हणत. त्याचं वेड इतकं वाढलं, की तिथल्या विणकरांच्या रक्षणासाठी १६८६ ते १७५९ त्यावर बंदी होती. हे कापड आणि त्याच्या नकला भरून नाँतची जहाजं आफ्रिकेला जात आणि तिथे त्या बदल्यात माणसं विकत घेत. नाँत हे फ्रान्सचं गुलामांच्या व्यापाराचं सर्वांत मोठं बंदर होतं. २०१२ पासून नदीकाठी त्याचं स्मारक आहे. अकरा दिवस झाडाखालून येऊन शेवटी माणूस तिथे पोचतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. कुट्टूच्या पिठाचं मोठं घावन, कडा दुमडलेलं, आत अंडं आणि चीज. त्याला गालेत म्हणतात. सोबत सफरचंदाची सीडर, कपातून नव्हे तर वाडग्यातून. शाकाहारी माणूस उपाशी मरणार नाही, पण कंटाळेल. दुकानं दुपारी बंद, रविवारी दुपारनंतर बंद, आणि पाववाला बऱ्याच गावांत सोमवारी बंद. पहिला सोमवार आम्ही बिस्किटांवर काढला. पाण्याची युक्ती एका गळवाल्या आजोबांनी शिकवली: गावच्या दफनभूमीत जायचं, तिथे फुलांसाठी नळ असतोच. फक्त नळावर 'नों पोताब्ल' लिहिलेलं नाही ना, ते बघायचं. असलं तर ते पाणी फुलांचंच. हे आजोबा फ्रेंच बोलता बोलता कुत्र्याशी मात्र वेगळ्याच भाषेत बोलत होते. ती ब्रेतों. शाळेत ती बोललं की पोराच्या गळ्यात शिक्षेचं लाकडी खेटर अडकवत, अशा काळात त्यांचे वडील शिकले. आता पश्चिमेकडच्या गावांच्या पाट्यांवर दोन्ही भाषा आहेत. आजोबांच्या मते कुत्र्याला फ्रेंच कळतं, पण तो मानत नाही.

कंटाळ्याबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण प्रवासवर्णनांत ते कोणी लिहीत नाही. रदों ते ब्लँ या टप्प्यात कालवा सरळ, झाडं सारखी, पाणी तेच. तासाभराने वाटायला लागतं की आपण पेडल मारतो आहोत आणि खालची पट्टी कोणीतरी मागे सरकवतो आहे. मोटारीच्या रस्त्यावर भीती तरी असते. ती माणसाला जागं ठेवते. इथे ते कामही आपणच करायचं. बायकोने त्या दिवशी खंड्ये मोजले. एकोणीस. मी सोळाव्यानंतर तिच्याशी वाद घातला, की हा मघाचाच आहे.

शेवटी पुस्तकाच्या रचनेबद्दल. या कालव्यावरच्या लॉक्सना नंबर आहेत, आणि ते नाँतपासून मोजलेले आहेत: नाँतच्या बंदरातलं पहिलं, आणि पार पश्चिमेला, जिथे ओन नदीला भरती-ओहोटी लागते, तिथलं २३७. लॉकराख्याच्या घरावर पाटी असते, तिच्यावर आकडा आणि नाव. आम्ही उलटे आलो, म्हणून आमचे आकडे उतरत गेले. दिवसाखेरीस वहीत तारखेऐवजी मी लॉकचा नंबर लिहू लागलो, आणि पुस्तकातल्या प्रकरणांनाही तेच आकडे ठेवले आहेत. वाचक २३७ ला सुरुवात करील आणि १ वर संपवील. मधे एके ठिकाणी सलग सतरा आकडे नाहीत. पानं गळालेली नाहीत, बाइंडरला फोन करू नये. ती लॉक्स पाण्याखाली आहेत.